काकूच्या हातातली जुडी

गिरीज, मंगळवार, १२ नोव्हेंबर २००२

आज काकूला मीच त्रास दिला. दुसरं काय म्हणू?

वाडीतल्या मोटरचा शॉक लागून काका तिच्या डोळ्यांदेखत गेले. तेव्हापासून तिला झोप नाही, दिवसभर मुळ्याच्या जुड्या बांधत असते. माणिकपूरच्या ध्यानाच्या शिबिरात बाईंनी शिकवलंय, हातातलं काम ठेवायचं, डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं, कानावर येतील ते आवाज नुसते ऐकायचे. म्हणून ओटीवर बसवून तिच्या हातातली जुडी मीच काढून घेतली.

"ग्रॅज्युएट झाली, आता आम्हाला बसायला शिकवणार!" बाबा हसले. काकूने मात्र मुकाट्याने डोळे मिटले.

"काय ऐकू येतं, काकू?"

"कावळा. तुझी आई भांडी घासते."

आणि शेजारच्या वाडीत मोटर सुरू झाली. रोज चारला होतेच. या घरात वाढून मला हे आठवू नये? रोज त्या वेळी तिच्या हातात जुडी असते, हेही मी पाहिलं नव्हतं?

काकू थरथरायला लागली. हात मांडीवर जुडी शोधत होते. मी आपली "श्वास बघ, श्वास बघ" म्हणत राहिले. शेवटी आईने धावत येऊन तिच्या हातात मुळे आणि जुडी बांधायचं केळीचं सोपट दिलं. दहाबारा जुड्या बांधल्यावर थरथर थांबली.

मग काकूच मला म्हणाली, "रडू नको गं. तुझ्या बाईंना सांग, काकूला जमलं म्हणून."

उद्या चारला मोटर सुरू होईल, तेव्हा मी शिबिरात असेन. डोळे मिटून.