कुंडल ओलांडण्याविषयी

औंध, ता. ९ डिसेंबर

आदरणीय नानासो यांस,

औंधच्या दाजींचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं कळलं, समाधान वाटलं. वहिनींचा खोकला थांबला असेल. ऊस कारखान्याला गेला का? इकडे तुमची धाकटी बहीण मनुबाई ठणठणीत आहे आणि हे लिहिताना माझ्या पाठीशी उभी आहे (म्हणून अक्षर वळणदार).

कन्याकुमारीचा बेत तुमच्या कानावर आलाच असेल. शाळेची जुनी व्हॅन घेऊन तिच्यात दोघांपुरता बिछाना, गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून घेतली. चौतीस वर्षं मी पाचवीला समुद्राची कविता शिकवली. लाटा हातांनी करून दाखवायचो, तेव्हा पहिल्या बाकावरची पोरं मागं सरकायची. तो समुद्र एकदा समोर उभं राहून पाहावा, एवढी माझी इच्छा. मनुबाईची त्याहून लहान. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली. देवाला गेलो, लग्नांना गेलो, पण मुक्काम नेहमी पैपाहुण्यांकडे; आणि पाहुणी असली तरी पहाटे उठून त्या घरच्या भाकऱ्या थापायला हीच. कुणाच्याच चुलीपुढं जायचं नाही, अशी एक सकाळ तिला हवी आहे. (हे तिनं मला नेमकं शेगडी बसवल्यावर सांगितलं. मी ती काढायला निघालो, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. च्या तुमी करा.")

सराव म्हणून गेल्या महिन्यात म्हसवडला गेलो. सिद्धनाथाचं दर्शन घेतलं आणि गावाबाहेर चिंचेखाली गाडी लावली. माझी थोरली बहीण हरणाक्का त्याच गावात दिलेली. तिला कळवलं नव्हतं. पण देवळापुढं नारळ विकणाऱ्या साळूबाईनं आम्हांला ओळखलं, आणि चहाला आधण येईपर्यंत अक्का काठी टेकत हजर! "का रं मास्तर, भनीचं घर पडलं व्हय? बायकूला रस्त्यावर बिऱ्हाड मांडाय लावतोस?" एवढं बोलून तिनं आमच्या दोन्ही उशा काखेत मारल्या. उशा गेल्यावर माणसानं काय करायचं? मागोमाग गेलो. दुसऱ्या दिवशी पहाटे मनुबाई अक्काच्या चुलीपुढं अकरा माणसांच्या भाकऱ्या थापत होती. अक्का कुठं दिसेना म्हणून शोधलं, तर ती आमच्या गाडीत झोपलेली. आठ वाजता उठून म्हणाली, "लय ग्वाड झोप लागली रं. असली सकाळ जन्मात बघितली न्हाई." मनुबाईनं तिला चहा तिथंच नेऊन दिला.

त्यानंतर मी नकाशा घेऊन बसलो. वाटेवरच्या प्रत्येक नातलगाचा मुक्काम धरला, तर बावीस दिवसांच्या सहलीत अठराव्या दिवशीही आम्ही जवळच्या मिरजेतच! कराडची वाट धरावी, तर तिथं पुतणी राजेश्वरी हमरस्त्याला लागूनच राहते. शेवटी आडवाटा शोधून एकेक घर टाळत आलो. लिहिताना शरम वाटते. (तास संपत आला म्हणून कवितेचं एखादं कडवं गाळावं लागे, तेव्हाही अशीच वाटायची, घरी आल्यावर मी ते एकट्यानं म्हणून टाकायचो.)

असो. प्रकृतीस जपावं. वहिनींना नमस्कार.

आपला,
मानसिंग मास्तर

ता. क. येत्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही कुंडलवरून जाऊ. तुमच्या घराला तेवढी आडवाट सापडली नाही. तरी त्या दिवशी आपण कृपा करून घराला कुलूप लावावं आणि वहिनींसह कुठंतरी जावं.

दुसरा ता. क. कुठं जावं हे सुचत नसेल तर औंधला यावं. यमाईचं दर्शन होईल. आमचं घर रिकामंच आहे, किल्ली शेजारच्या केरबाकडे ठेवतो.

(खाली पेन्सिलीनं) दादा, ह्यांच्यावर रागवू नगंस, मीच लिवाय सांगितलं. कुलूप लावच. दार उघडं दिसलं तर माझा पाय फुडं निघायचा न्हाई.