पाचव्या उद्गाराची तयारी

बुधवार, १८ फेब्रुवारी, सकाळी ६
आजपासून उपवासकाळ. ईस्टरपर्यंत चाळीस दिवस. संकल्प असे : मोबाइल बंद. टीव्ही बंद. निंदा बंद.
मोबाइल फक्त शनिवारी, ब्लॉगसाठी. ब्लॉग ही सेवा आहे, म्हणून तो मोबाइलमध्ये धरायचा नाही.

सकाळी ६.४०
मोबाइल बंद केल्याचं सांगायला डिंपलला रायपूरला फोन केला. ती म्हणाली, "मम्मी, मग हा फोन कायच्यावरून करून राहिली?" मुलीला नर्स केलं, श्रद्धा शिकवायची राहून गेली.

शनिवार, २१ फेब्रुवारी
ब्लॉग क्रमांक २४ टाकला. 'शनिवारचे विचार'. बातम्या, तंत्रज्ञान, श्रद्धा, मनोरंजन. बातम्यांत सारस पक्ष्यांबद्दल लिहिलं. जोडीतला एक गेला की दुसरा काय करतो, असं एक वाक्य होतं, ते खोडलं. वाचकांना असलं आवडत नाही. तंत्रज्ञानात मोबाइलच्या गुलामीवर कडक लिहिलं.
हे होते तेव्हा शनिवारी संध्याकाळी आठवड्याचे पेपर घेऊन बसायचे आणि जगाला सुनवायचे. ऐकायला मी एकटी. आता सुनवायचं काम माझ्याकडे आलं आहे आणि ऐकणारे वाढले आहेत. आज वाचक आठ. एक छत्तीसगडचा, सात आयर्लंडचे. तिकडे मराठी शिकलेले जुने मिशनरी असणार. डिंपल म्हणते ती माणसं नाहीत, मशीन आहेत, कोणाचंही पान चाळत फिरतात. पोरीला आईचं यश बघवत नाही.
आज मोबाइल तीन तास. वाचक मोजायला वेळ लागतो.

रविवार, २२ फेब्रुवारी
उपासनेत पाळक इंद्रकुमार यांनी सांगितलं की गुड फ्रायडेच्या वक्त्यांची यादी लवकरच लागेल. दुपारी बारा ते तीन, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मंडळीतले सात जण बोलतात. पाचवा उद्गार तहानेचा : 'मला तहान लागली आहे.' तो अठरा वर्षं यांच्याकडे होता. सातांत सगळ्यात लहान, म्हणून दुसरं कोणी घेत नसे. हे सात मिनिटांत बोलून बसायचे. मागच्या वर्षी उभं राहवत नव्हतं, खुर्चीवरून बोलले. ऑगस्टमध्ये गेले.
यंदा तो माझ्याकडे येणार हे उघड आहे. नवऱ्याची जागा म्हणून नाही. सगळ्या मंडळीत नियमित लिहिणारी मी एकटीच, म्हणून.

शनिवार, २८ फेब्रुवारी
ब्लॉग २५ : 'पुलपिटावर नक्की कोण बोलतंय?' आपल्या पाळकांची प्रवचनं हल्ली फार सुरळीत होतात. तीन मुद्दे, तिन्ही सारख्या लांबीचे, मध्ये एक खोकलासुद्धा नाही. माणूस असं बोलत नाही. हे एआयचं काम. मी परखडपणे लिहिलं की ज्याला देवाचं वचन स्वतः लिहिता येत नाही, त्याने पुलपिटावर चढू नये.
लिंक मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. ही निंदा नाही. मी कोणाचं नाव घेतलेलं नाही, फक्त 'आपले पाळक' असं लिहिलं आहे.

रविवार, १ मार्च
दारात पाळकांनी हात मिळवला. "सलाम, बाई. वाचलं," एवढंच बोलले. हात नेहमीपेक्षा जोरात दाबला. चांगलाच प्रभाव पडलेला दिसतो. पाचवा उद्गार नक्की.

गुरुवार, ५ मार्च
टीव्ही पूर्ण बंद. सोळावा दिवस. संध्याकाळी साडेसातला शेजारी सुमित्राबाईंकडे प्रार्थनेला गेले. त्यांचा टीव्ही चालू होता, त्याला मी काय करणार? मालिकेतल्या नायिकेला अजून काही आठवत नाही, तिची जाऊ तिचेच दागिने घालून फिरते आणि घरात कोणाला ओळखू येत नाही. प्रार्थना जाहिरातीत केली.
निघताना सुमित्राबाई म्हणाल्या, "काऊन वो शामकला, तुह्या उपवासाले माह्या घरचं करंट लागते का?" या बाईची जीभ पहिल्यापासून तशीच. मी क्षमा केली आणि उद्या परत येते म्हणून सांगितलं.

शनिवार, ७ मार्च
ब्लॉग २६ : 'मालिका पाहून समाज कुठे चालला?' अभ्यासासाठी आठवड्यात तीन भाग पाहावे लागले. अभ्यास पाहण्यात धरत नाही.
वाचक आठ. सातत्य आहे.

रविवार, १५ मार्च
यादी लागली. पहिला उद्गार भैय्यालाल, दुसरा पाळक स्वतः, तिसरा मनकर्णाबाई, चौथा सुमित्राबाई. पाचव्यासमोर जागा कोरी. सहावा आणि सातवा भरलेले.
बोर्डापुढे मी जरा जास्तच वेळ उभी होते असं सुमित्राबाई म्हणतात. चष्मा पुसत होते. भैय्यालाल बाजूला येऊन म्हणाले, "पाचव्याले कोणी नसन त मी दोन्ही सांगून टाकतो. मले काय, तोंडच हालवा लागते." भैय्यालाल राइस मिलमध्ये मुनीम होते. पोतं मोजायची सवय, बोलणंही पोत्यानेच. मागच्या वर्षी त्यांच्या पहिल्या उद्गारात पुढच्या बाकावरचे दोघे झोपले आणि उठले तरी उद्गार पहिलाच होता.
यांची सात मिनिटं भैय्यालालना जाणार. यांना हे चाललं नसतं. मला नाही, यांना.

बुधवार, १८ मार्च
दुपारी पाळक घरी आले. यांच्या खुर्चीत बसले नाहीत, स्टूल ओढून घेतलं. टेबलावर माझ्या पेनांचा स्टीलचा पेला होता. म्हणाले, "हा तोच ना?" मी म्हटलं, पेन स्टँड आहे.
पेला तोच आहे. दवाखान्याने दिवसाचं पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं, म्हणून यांनी स्वतःच खिळ्याने आतून ओरखडा मारला होता. किडनीच्या पेशंटला असंच द्यावं लागतं. आता त्यात पेनं छान उभी राहतात.
पाळक म्हणाले, पाचवी जागा त्यांनी फेब्रुवारीपासून माझ्यासाठीच राखली होती. मी आपणहून मागेन म्हणून ते थांबले होते. आता भैय्यालाल रोज फोन करतात. बोलायला जमेल का?
मी म्हटलं, जमेल का काय, मला आयर्लंडात वाचतात. विषयही लगेच सांगितला : 'आधुनिक मानवाची डेटाची तहान'.
त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पाण्याची चालेल, बाई."
पाळकांना तंत्रज्ञान कळत नाही. एआय वापरतात ते कसं, देव जाणे.
पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, मजकूर दाखवायचा. नाहीतर भैय्यालाल.

शनिवार, २१ मार्च
भाषणाचा आराखडा पक्का. बावीस मिनिटं. प्रस्तावना चार, तंत्रज्ञान सहा, बातम्या पाच, मनोरंजन पाच, हे दोन. यांना दोन मिनिटं पुरेत. सगळे ओळखतच होते.
लिहायला बसले. पेल्यातलं एकही पेन नीट चालत नाही.

मंगळवार, २४ मार्च
नवीन पेन आणलं. लिहिलं : 'तहान म्हणजे'. मग फार उकडायला लागलं. फडताळ साफ केलं. भांडी घासलेली होती, ती परत घासली. संध्याकाळी सुमित्राबाईंकडे प्रार्थना. नायिकेला थोडं आठवायला लागलं आहे, पण नेमकं नको ते.

शुक्रवार, २७ मार्च
'तहान म्हणजे' हे खोडलं. सुरुवात फार ओढूनताणून होती.
डिंपल फोनवर म्हणाली, "मम्मी, पप्पांचंच सांग ना. लोकायले तेच आयकायचं आहे." मी म्हटलं, घरातल्या गोष्टी पुलपिटावर नेऊ नयेत. आणि पप्पांचं सांगण्यासारखं आहे काय? आजारी होते, सेवा केली, गेले. ती म्हणाली, बरं. नर्स लोकांचं 'बरं' मला आवडत नाही.

रविवार, २९ मार्च
झावळ्यांचा रविवार. पाळकांनी विचारलं. मी म्हटलं मजकूर तयार आहे, फक्त सुवाच्य अक्षरात उतरवायचा बाकी. हे खोटं नाही. जे लिहिलं नाही ते सुवाच्य अक्षरात नाहीच.
त्यांनी भैय्यालालना माझ्यासमोर सांगितलं की पाचवा बाईंकडे. भैय्यालाल म्हणाले, "काही अडलं त मी बसलोच आहो." बसून राहा म्हणावं.

गुरुवार, २ एप्रिल, दुपारी ४
अजून काही नाही. चार दिवस रोज बसते. पेन हातात घेतलं की पेला समोर येतो. पेला फडताळात ठेवला तर फडताळ समोर येतं.

५.१५
मोबाइलमधल्या एआयला भाषा तपासायला सांगितली. तपासायला मजकूर नव्हता, म्हणून त्यानेच मजकूर दिला. मग मी तो तपासला. 'मानव' ऐवजी 'माणूस' केलं. म्हणजे लिहिणारी मीच.
चार पानं. 'एका गावात एक म्हातारा शेतकरी होता. त्याच्या विहिरीला पाणी नव्हतं,' अशी सुरुवात आणि शेवटी 'प्रिय बंधुभगिनींनो, तुमची विहीर कोणती?' फारच सुंदर. वेळ मिळाला असता तर मला हेच सुचलं असतं.
सुवाच्य अक्षरात उतरवलं. यांच्याबद्दल त्यात काही नाही. एआय यांना ओळखत नव्हता.

शुक्रवार, ३ एप्रिल, संध्याकाळी ५.३०
जसं झालं तसं लिहिते.
पहिला उद्गार, भैय्यालाल. "एका गावात एक म्हातारा शेतकरी होता." त्याने धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडणाऱ्या भावाला क्षमा केली. शेवटी, प्रिय बंधुभगिनींनो, तुमचा धुरा कोणता? मला वाटलं योगायोग असेल. शेतकरी सगळीकडे असतात.
दुसरा, पाळक. जुन्या वहीतून वाचलं. मी पुढच्याच बाकावर होते, पान मला दिसत होतं. शाईने लिहिलेलं, ओळीओळीला खोडलेलं, समासात बाण. एक ओळ त्यांना स्वतःलाच लागेना तेव्हा पान डोळ्यांजवळ नेलं. असं खोडायला माणूसच लागतो.
तिसरा, मनकर्णाबाई. तोच म्हातारा शेतकरी, आईला घेऊन. चौथा, सुमित्राबाई. शेतकरी, शेतात एकटा. तो शेतात पोहोचला तसा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "हा म्हतारा आज मरते का नाही?" गुड फ्रायडेला मंडळीत हसू मी पहिल्यांदा ऐकलं. सुमित्राबाईंनी तरीही शेवटपर्यंत नेऊन विचारलंच, तुमचं शेत कोणतं?
मग माझं नाव.
पुलपिटावर चार पानं ठेवली. पहिली ओळ वाचली, मनात. समोर दीडशे माणसं, सकाळपासून बिनपाण्याची. सगळे माझ्या शेतकऱ्याची वाट पाहत होते. भैय्यालाल बाकाच्या टोकावर सरकून तयारच होते.
पानं पालथी घातली. काय बोलले ते मला नीट आठवत नाही. सुमित्राबाईंनी सांगितलं त्याप्रमाणे लिहिते :
"दवाखान्याने दिवसाला तीन पेले सांगितले होते. हे चौथा मागायचे. मी रोज नाही म्हणायची. शेवटच्या दिवशी दुपारीच मागितला. तेव्हाही मी नाहीच म्हटलं. मला वाटलं, नियम पाळला तर उद्या राहतील."
पुढे सुचलं नाही. आमेन म्हणायचंही राहिलं. खाली येऊन बसले.
कोणी हसलं नाही. पाळकांनी सहाव्याचं नाव पुकारलं.
तीननंतर मागच्या अंगणात लिंबाचं सरबत होतं. भैय्यालालनी ग्लास भरला, सुमित्राबाईंनी तो माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "पिऊन टाक. आन् मोजू नको." मग लगेच, "तुह्यापाशी पण तोच म्हतारा होता ना वो? पानायवरून दिसलं मले." मी हो म्हटलं. म्हणाल्या, "माह्या नातवानं काढून देल्ता. मले वाटलं माह्याचसाठी लिवला."
एकूण वेळ, सुमित्राबाईंच्या घड्याळाने, एक मिनिट.

शनिवार, ४ एप्रिल
ब्लॉग ३० टाकला नाही. चारी विषय समोर घेतले, एकावरही मत नव्हतं.
सकाळी पाळकांकडे जाऊन ब्लॉग २५ बद्दल माफी मागितली. ते म्हणाले, खोकला येऊ नये म्हणून ते आधी गूळ-सुंठ खातात. मला तो ब्लॉग काढून टाकायचा होता, पण काढायचा कसा ते सापडेना.
दुपारी आकडे पाहिले. वाचक सात. काहीच टाकलं नसताना आयर्लंडचे सातही जण येऊन वाचून गेले.
छत्तीसगडचा मात्र आला नाही. त्याऐवजी पावणेचारला डिंपलचा फोन आला. "मम्मी, आज काऊन नाही टाकला? डबा खाताना दर शनिवारी वाचतो ना मी."
कालचं सगळं सांगितलं. पेल्याचंसुद्धा. पलीकडे तिने वॉर्डातली ट्रॉली बाजूला लावल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मी रोज चार पेशंटले नाही म्हणतो, मम्मी." आणि मग, ब्लॉग २५ कसा काढायचा ते सांगते, मोबाइल हातात धर.
मोबाइल आज एक तास दहा मिनिटं. सगळा तिच्याशी.
पेनं चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवली आहेत. पेला घासून पालथा घातला आहे. ओरखडा निघत नाही.