कोटाची दुमड

प्रिय ढमे,

पार्सल आधी फोडलंस ना? माहीत आहे मला. कोट अंगात घालून, आरशासमोर उभी राहूनच हे वाचत असशील. खांद्यात बसला का? बसणारच, तुझं माप माझ्या हातात आहे. वाळली असशील तर मात्र माझा दोष नाही. बुधवारी साहेबांसमोर तुझे इमारतीचे नकाशे मांडशील तेव्हा हाच घाल. आणि पोटभर जेवून जा, उपाशीपोटी डोकं चालत नाही.

त्या दिवशी फोनवर अगदी रडकुंडीला आली होतीस. काम चांगलं करू की वेळेत करू, म्हणून विचारत होतीस. मी गप्प, तेव्हा तुला वाटलं असेल, आईला काय कळतंय. अगं, माझ्या तोंडात टाचण्या होत्या! आपल्या दुकानातही तीच बोंब. शाळेच्या बँडपथकाचे चाळीस कोट एकदम आले, आणि स्पर्धा तोंडावर. तुझे बाबा म्हणाले, नाही म्हणून सांग. मी आणि नाही म्हणणार?

पहिल्या दिवशी सगळंच जीव तोडून करायला गेले. खिशाच्या आतली शिलाईसुद्धा अशी सुबक, जसे काही आत पाहुणे उतरणार आहेत. संध्याकाळपर्यंत डोळे तारवटले आणि डावी बाही उजवीकडे, उजवी डावीकडे लागली. तो नेमका बँडमास्तरांचाच कोट, आणि ते घालून बघायला लागले. हात पुढे केले की कोट त्यांना मागे ओढायचा. बाबा हसून हसून इस्त्रीच्या टेबलावर आडवे. मीही हसले, मग रडले, मग उसवायला बसले.

दुसऱ्या दिवसापासून रीतच बदलली. कॉलर आणि बाह्या सकाळी, नजर ताजी असताना. जेवणानंतर सरळ शिलाया, त्या मला झोपेतही येतात. काज-बटणं शेजारच्या काकूंना दिली. त्यांची काजं जरा जाड होतात, होऊ देत! खिशाच्या आत कोण डोकावतंय? पण कॉलर वाकडी गेली तर मला घास गिळवणार नाही. तुझ्या नकाशातली कॉलर कुठली, ते तूच शोध बाई, आणि जीव तिथे ओत. बाकीचं नीटनेटकं असलं की झालं. आमचे कोट वेळेत गेले. मास्तरांनी हात गरगर फिरवूनच ताब्यात घेतले.

आता तुझा कोट उलटा करून बघ. खालच्या दुमडीला पांढरा दोरा दिसेल. कच्चे टाके आहेत ते. कच्च्या टाक्यांचा कपडा मी आजवर दुकानाबाहेर जाऊ दिलेला नाही, हे तुला ठाऊक आहे. बाबांना वाटलं, विसरले. विसरले नाही, आणि वेळही होता. काल दुपारभर रिकामीच होते, तुझी खोली झटकत बसले. बुधवार आरामात निभेल, फक्त धुवायला टाकू नकोस. आणि तिकडच्या कुठल्या शिंप्याकडे नेलास तर याद राख! वर्ष होत आलं गं तुला बघून. फोन केला की नुसतं काम, काम. नकाशे झाले की रविवारी कोट घेऊन घरी ये. पक्के टाके घालायला मला वेळ लागत नाही, पण त्या दिवशी मी अगदी सावकाश शिवणार आहे.

वाट बघणारी,
तुझीच आई