तिच्या खुर्चीत

गाझियाबाद,
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय शालूताई,

नमस्कार. विनायकरावांनाही सांग. पत्र बघून तू आधी चष्मा शोधशील आणि मग म्हणशील, "हिला काय झालं अचानक, फोन बिघडला की काय?" तसंच समज. इथे सगळं ठीक. हवा नेहमीसारखी घाण झालीय, समोरचा टॉवर दिसत नाही, खोकत उठायचं आणि खोकत झोपायचं. तू पाठवलेली भाजणी संपली. मयुराने दोनदा थालीपीठं केली, दोन्हीदा जळकी, आणि दोन्हीदा तिची मान ताठ. तुझीच मुलगी.

तुला नाटकाचं सांगायचं म्हणून लिहायला बसले. प्रयोग कसा झाला असं तू विचारलंस, तेव्हा मी फोनवर "छान झाला" एवढंच म्हणाले. छानच झाला. जरा जास्तच छान झाला.

जुलैत तू मयुराला एम.ए.साठी आमच्या हवाली केलंस, पण ती खरी राहते तालमीत, आमच्याकडे फक्त जेवायला येते. त्यांना नाटक शिकवणाऱ्या वैजयंती मॅडमची एक पद्धत आहे. भूमिका मिळाली की ओळखीतलं एक जिवंत माणूस निवडायचं आणि महिनाभर त्याला न्याहाळायचं. चालणं, बसणं, गप्प राहणं, सगळं. माणूस कोण, ते मात्र कुणाला सांगायचं नाही. मॅडम म्हणतात, दुसऱ्याच्या जागी महिनाभर राहून आलेलं पोर पहिल्यासारखं उरत नाही. मला आधी ही सगळी थेरं वाटली होती.

मग गौरवला बघितलं. त्यांच्यातलाच मुलगा, जन्माने दिल्लीचा. मॅडमनी कामं मुद्दाम उलटी वाटली, बायको गौरव आणि नवरा मयुरा. पूर्वी हा लिफ्टपासूनच ओरडत यायचा, "आंटी, चहा!" ऑक्टोबरात एकदा आला आणि गुपचूप स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "आंटी, तुम्ही बसत का नाही? मी कितीदा आलोय यार, तुम्हाला बसलेलं बघितलंच नाही कधी." मी म्हटलं, बसले तर चहा कोण करणार? तो हसला नाही. कप त्यानेच विसळला. आता म्हणे घरी आईने आतून हाक मारली की त्याच्याने बसून राहवत नाही.

प्रयोग रविवारी झाला, कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका छोट्या सभागृहात. झाडून सगळी मराठी मंडळी आली होती, रेशमी साड्या, बटाटेवडे, आरडाओरडा. आम्ही नवरा-बायको, मी आणि पद्माकर, दुसऱ्या रांगेत.

नाटक म्हणशील तर काहीच नाही गं. दोन खुर्च्या, एक नवरा, एक बायको. नवरा हात उगारत नाही, आवाज चढवत नाही. बायको म्हणते, चार दिवस माहेरी जाऊन येते. तो पेपरची घडी घालतो आणि विचारतो, "हे तू ठरवलंस?" आणि थांबतो. उत्तर येईपर्यंत थांबतो. ती बोलून चुकते, न बोलून चुकते, शेवटी माफी मागते. कशाची, ते तिलाही ठाऊक नसतं.

सुरुवातीला लोक हसत होते. पुरुष तर मोठमोठ्याने. मग हळूहळू हसणं थांबलं. शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात कधी धरला, मला कळलं नाही. मला त्या बायकोची, म्हणजे गौरवची, इतकी दया आली की मी पदराने डोळे पुसत होते. हिला कुणीच कसं नाही, असं मनात येत होतं. तेवढ्यात मयुराने चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला लागली. सावकाश, मान खाली घालून, काचेवर हाः करून. पद्माकर पुसतो तसा.

मी शेजारी बघितलं नाही.

या नाटकाला शेवट नसतो. संपलं की तेच पुन्हा सुरू करतात, आणि प्रेक्षकांतल्या कुणीही "थांबा" म्हणून वर जायचं, बायकोच्या खुर्चीत बसायचं आणि काही वेगळं करून दाखवायचं. नवऱ्याची खुर्ची मात्र कुणाला मिळत नाही. एक कॉलेजची मुलगी गेली, ठसक्यात म्हणाली, "मी चालले घर सोडून." मयुरा म्हणाली, "जा ना. मी कुठे अडवलंय? औषधं घेतलीस का?" मुलगी उतरून जागेवर जाऊन बसली. एक आजोबा गेले, तेही हात जोडून उतरले. कुणाला काय सुनावायचं, हे मयुराला पाठ होतं. आमच्याच घरी पाठ झालेलं.

मग माझ्या शेजारून आवाज आला, "थांबा."

पद्माकर वर गेला आणि बायकोच्या खुर्चीत बसला. टाळ्या पडल्या. भाचीच्या नाटकात काका, केवढं कौतुक! ताई, त्याने खांदे आत घेतले. बोटातली अंगठी फिरवायला लागला. आवंढा गिळला, ओठ ओले केले, पण नजर वर केली नाही. मी करते तसं, अगदी तसंच. मयुराने विचारलं, "हे तू ठरवलंस?" तो बारीक आवाजात म्हणाला, "मी कुठली ठरवणार? पाहुणी आलीय ना घरात, तिने कान भरले माझे. ती गेली की सगळं पहिल्यासारखं होईल." आणि मान वर करून मयुराकडे बघून हसला. सगळं सभागृह हसलं. मयुरा पुढचं वाक्य विसरली.

येताना त्याने गाडी थांबवून सगळ्यांसाठी गरम जिलबी घेतली. पोरीत गुण आहेत, म्हणाला. सोमवारपासून तो घरूनच काम करतोय. माझा फोन "स्लो झालाय" म्हणून त्याच्याकडे असतो. मंगळवारी दुपारी त्याने शीळ घालत स्क्रूड्रायव्हर काढला आणि मयुराच्या खोलीची आतली कडी उतरवली. "गंजली होती," म्हणाला. दिवाळीच्या आधी बसवलेली कडी, ताई. मयुरा आता दाराला टेबल लावून झोपते.

हे मी ओट्याशी उभ्याने लिहितेय. बाहेर त्याचा ऑफिसचा कॉल चालू आहे. मयुरा कॉलेजला जाताना पत्र टाकील.

इतकी वर्षं तू विचारायचीस आणि मी एकच सांगायचे, माणूस वाईट नाही गं, समोरच्याला काय होतं ते त्याला कळत नाही. मलाही तेच पटलं होतं. एक दिवस कळेल, मग बदलेल, म्हणून राहिले. रविवारी तो माझ्या जागी बसला आणि त्याने माझी भीती करून दाखवली, आवंढ्यासकट. त्याला कळतं. पहिल्यापासून सगळं कळतं. मला आता त्याची जेवढी भीती वाटते, तेवढी कधीच वाटली नव्हती.

येत्या मंगळवारी त्याला गुरुग्रामला ऑफिसात जावंच लागणार आहे. त्या दिवशी गौरव त्याच्या आईला घेऊन येईल आणि आम्हाला पुण्याच्या गाडीत बसवून देईल. त्याने घरी सगळं सांगितलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तू एकटा जाऊ नकोस, मी येते." आमची ओळखही नाही. मी मयुराला म्हणत होते, तू एकटी पुढे जा, पण ती हटून बसलीय, "मावशी, तू नाही तर मी पण नाही." म्हणून मीही निघतेय. नुसत्या माझ्यासाठी निघाले असते की नाही, देव जाणे.

बुधवारी दुपारी विनायकरावांना घेऊन पुणे स्टेशनवर ये. दोघी उतरलो तर काही विचारू नकोस, नुसतं घरी ने. मयुरा एकटीच उतरली, तर तिला जवळ घेण्यात वेळ घालवू नकोस. तशीच पोलिसांत जा.

तोवर फोन करू नकोस. केलासच, आणि मी हसून, मजेत बोलले, तर समज की तो समोर बसलाय.

अजून याच घरात असलेली,
तुझी सुखदा