दिल्लीहून येणारी पाकिटं

बाबा, दोन दिवसांच्या सुट्टीवर वसमतला आले आहे. हैदराबादच्या एका विमानशाळेत मी नकाशे आणि उड्डाणाचे नियम शिकवते. तुम्ही गेलात तेव्हा मी तेरा वर्षांची होते, म्हणून सांगते.

तहसील कचेरीतली कायद्याची पुस्तकं तुम्ही घरी आणत असा. सरकारकडून आलेल्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चुलीजवळ बसून, कणकेच्या खळीने, त्या त्या पानावर चिकटवायच्या. एकदा मी चिठ्ठी नुसतीच पानांत ठेवून 'झालं' म्हणाले. तुम्ही पुस्तक उलटं धरून झटकलंत. चिठ्ठी खाली पडली. 'काहून ठेवली नुसती? वाचणाऱ्याला सपान पडणार हाय का, कलम बदललं म्हणून?' मला राग आला होता.

परवा आमचे मुख्य शिक्षक वर्गात एका विमानतळावर उतरण्याची रीत सांगत होते: तळाला डावीकडून वळसा घालायचा. पुढच्या बाकावरचा विद्यार्थी दुसऱ्या दिवशी तिथेच एकटा विमान घेऊन जाणार होता. तिथला वळसा आता उजवीकडून आहे. डावीकडून गेला असता, तर समोरून येणाऱ्या विमानाच्या तोंडावर. मी मागे उभी होते, तिथूनच सांगितलं.

'किताब सरकारीच है, बाई,' त्यांनी वरची मोहर दाखवली. 'छपी हुई बात बी झूठी?'

'छापली तेव्हा खरी होती.'

पोरं हसली, ते हसले नाहीत. पुस्तक बाजारातून जुनं घेतलेलं. मी माझी प्रत उघडून चिकटवलेली चिठ्ठी दाखवली. त्यांनी दोनदा वाचली, फळ्यावरचा बाण पुसून उलटा काढला आणि त्या विद्यार्थ्याला म्हणाले, 'बाई के पाँव पकड़, बेटा. मेरी सुनता तो सीधा ऊपर जाता.'

मग असं पुस्तक मिळतं कुठे, हे त्यांनी शिक्षकांच्या खोलीत विचारलं. मी सांगितलं: दिल्लीला, सरकारच्या प्रकाशन कचेरीला पत्र लिहायचं, आणि दुरुस्त्यांसाठी वेगळं नाव नोंदवायचं. नाहीतर पुस्तक येतं, चिठ्ठ्या येत नाहीत. सगळ्या शिक्षकांनी पत्ता उतरवून घेतला.

एक त्यांना सांगितलं नाही. माझ्या चिठ्ठ्या वसमतला येतात, तुमच्या नावाने. आई त्या पुढे पाठवते. पहिलं पत्र लिहिताना बाईच्या नावाला उत्तर येईल की नाही, हे मी करून पाहिलंच नाही. तुमची सही केली. आता शाळेसाठी दुरुस्त्यांची नोंदणी माझ्या नावावर करायची आहे. तुमचं नाव कमी करण्याचा अर्ज लिहायला म्हणून हा कागद घेतला होता.