दादाच्या अक्षरातली रेकॉर्ड

३ फेब्रुवारी, मंगळवार
दादाला जाऊन आज महिना. वहिनीने त्याचा फोन मला दिला. "तुम्ही भावंडंच ऐकायचात ते, ने तुझ्या घरी कळव्याला." ते म्हणजे आफ्रिकेची जुनी फंक गाणी. जहाजावर फिटर होता तेव्हा लागोसहून रेकॉर्डी आणायचा. आमचं बाळकुमचं घर टॉवरसाठी पाडलं तेव्हा त्या मीच भंगारात दिल्या. तो एका शब्दाने बोलला नाही. शेवटची दोन वर्षं फोनवर मिक्स, म्हणजे कोणी एकाला एक जोडून लावलेली गाणी, शोधून तीच ऐकत बसायचा.

५ फेब्रुवारी
भाकऱ्या थापताना त्याचंच एक मिक्स लावलं. मध्येच माझ्या हळदीचं गाणं! हात पिठाचे तसेच, फोन उचलला. खाली रेकॉर्डच्या कव्हरचा फोटो. कोपऱ्यात दादाचं अक्षर.

६ फेब्रुवारी
मिक्स करणारा कोणी परदेशी माणूस. लिहितो, ही एकच प्रत उरली, चाळीस वर्षं हे गाणं कोणी ऐकलेलं नाही. कव्हरवर म्हणे प्राचीन भारतीय प्रार्थना आहे. आता रेकॉर्ड पुन्हा काढणार, आणि ती 'प्रार्थना' नक्षी म्हणून छापणार.
प्रार्थना! तिथे लिहिलंय, 'सुमनची हळद. दुसरी बाजू, तिसरं गाणं. दोनदा.'
कोणी ऐकलं नाही म्हणे. अख्खं बाळकुम नाचलंय त्यावर. बेंजोवाले अजून प्रत्येक हळदीला वाजवतात.

७ फेब्रुवारी
त्याला ईमेल केलं. तीनदा खोडून. दादाचं नाव छापा, नाहीतर अक्षर काढा.

१० फेब्रुवारी
उत्तर आलं. पुरावा काय? संताप, संताप. माझ्या भावाचं अक्षर मला ओळखता येत नाही?

१५ फेब्रुवारी, रविवार
बाळकुमला बाळारामकडे गेले. माझ्या हळदीला बेंजो त्याच्या वडिलांचा होता. म्हटलं, दोन ओळी लिहून दे, गाणं दादाच्या रेकॉर्डवरून उचललं म्हणून. तर उसळलाच.
"काय बोलतं गो आक्का! आफ्रिकेचा कनचा? आमचे बापाशीचा गाना हाय त्यो!"
"अरे, तुझे वडील आमच्या ओटीवर बसून शिकले."
"मंग गानारा कोन, सांग ना नाव."
उठून निघाले. चहाही घेतला नाही. सगळे मेले चोर.

१६ फेब्रुवारी
पुरावा म्हणून दादाच्या जुन्या पत्राचा फोटो पाठवला. तेच अक्षर.

२२ फेब्रुवारी, रविवार
तो तयार झाला. दादाचं नाव छापणार. पुढे लिहितो, गाणाऱ्याच्या घरच्यांचा पत्ता लागत नाही, भावाने त्याच्याविषयी काही सांगितलं होतं का?
सांगायला घेतलं होतं. हळदीच्याच दिवशी, रेकॉर्ड लावता लावता. मी म्हटलं, "कोण का असेना रे, तू लाव."
दादाने कुठे काही लिहून ठेवलं असेल तर?
वहिनीला फोन केला. दादाची जहाजावरची पेटी माळ्यावर आहे, किल्ली मिळत नाही म्हणाली.
"कुलूप तोड. मी निघाले."