टॅबलेटचं माप आणि पान त्र्याण्णव

जळगाव जामोद,
दि. ९ डिसेंबर

चि. धम्मशीला हिला माणिकमामाचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

पाकीट पाहून घाबरू नकोस. इकडे कोणी आजारी नाही, कोणी पडलं-झडलं नाही. मामीचा मोतीबिंदू काढलेला डोळा चांगला आहे. तिचे गुडघे सकाळी कुरकुर करतात आणि दुपारनंतर मुकाट कामाला लागतात. माझी तब्येत उत्तम आहे (मामीचं मत वेगळं आहे, पण पत्र मी लिहितो आहे). पुण्यात थंडी पडली असेल. मी शिवून दिलेलं जाकीट घालतेस की कपाटात टांगून ठेवलंस? आणि जेवण वेळेवर होतं ना? प्राध्यापक झाल्यावर भूक लागायची थांबते असं मी तरी ऐकलेलं नाही. फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. फोन आला की तुझी मामी माझ्यासमोर ठाण मांडून बसते आणि तू तिकडून काय बोललीस ते माझ्या तोंडाकडे पाहून बिनचूक सांगते. आजचा विषय माझ्या तोंडावर दिसून चालणार नाही.

विषय टॅबलेटचा. कोणता घ्यायचा ते कळवा, मी पाठवते, असं तू म्हणालीस त्याला आता तीन महिने होतील. परवा तू फोनवर जरा चिडूनच विचारलंस की मामा, एक वस्तू ठरवायला माणसाला किती दिवस लागतात? बाई, तुझा राग रास्त आहे. तुझ्या प्रबंधाचं पुस्तक आलं, त्यात कापूस वेचणाऱ्या बायांच्या मुलाखती, आणि त्यात पान अठ्ठ्याऐंशी ते सत्त्याण्णव अशी दहा पानं तुझ्या मामीची, तिच्याच तोंडच्या बोलीत. छापील पुस्तकात आपलं बोलणं! तिनं ते पुस्तक पहिले आठ दिवस उशाशी घेऊन झोपायचं तेवढं बाकी ठेवलं. दोन वर्षांपासून ती अक्षरं लावून वाचते हे तुला ठाऊकच आहे. स्टँडवर गेलो की नांदुरा, खामगाव, मलकापूर, सगळ्या गाड्यांच्या पाट्या मोठ्यानं वाचते, ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही गाडी कुठली ते सांगते. पण तुझ्या प्रकाशकानं कागद वाचवायला अक्षर इतकं बारीक घातलंय की माझ्या काजाच्या टाक्यांपेक्षाही लहान. म्हणून तू म्हणालीस, टॅबलेटवर पुस्तक टाकून देते, दोन बोटांनी अक्षर हवं तेवढं मोठं होतं.

त्याआधी मी तिला वाचून दाखवत होतो, तेही सांगून टाकतो. पान अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव मी चांगलं खड्या आवाजात वाचलं. त्यानंतर चौऱ्याण्णव सुरू केलं. मामी म्हणाली, "थांबा. आत्ता तं मी विहारातल्या वर्गात गेलती. येवढ्यात बोंडअळी कुठून आली?" मी म्हटलं, छापणाऱ्यांची चूक असेल, पुण्याकडच्या लोकांना विहार आणि बोंडअळीतला फरक काय कळणार. तिनं पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं, पदरानं पुसलं (मी काय त्याला हळद लावली होती?) आणि म्हणाली, "राहू द्या. मी सोता वाचीन." तेव्हापासून घरात वाचन बंद आहे आणि टॅबलेटची वाट पाहणं सुरू आहे. रोज चहाबरोबर विचारते, "आला का धम्मीचा टॅबलेट?"

तर मी खामगावला गेलो. माझं अस्तर, काज-बटन चाळीस वर्षं ज्यांच्याकडून येतं त्या गुलजारभाईंचा फहीम आता मोबाइलचं दुकान चालवतो. पोरगा गुणी, बापासारखा गोडबोल्या. मी म्हटलं, बेटा, त्या मोठ्या परदेशी कंपनीचा टॅबलेट दाखव, भाचीनं त्याच कंपनीचा सांगितलाय. तो म्हणाला, "कोणता, चाचा?" मला वाटलं रंग विचारतोय. म्हटलं, चॉकलेटी. मग त्यानं मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि समजावून सांगायला घेतलं, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. एक साधा. एक मिनी. एक एअर, तो दोन मापांत. एक प्रो, तोही त्याच दोन मापांत. साध्याला नुसतं नाव, बाकीच्यांना आडनाव. एअर म्हणजे हवा, म्हणून मी म्हटलं हाच सगळ्यांत हलका असेल, मामीच्या मनगटाला बरा. फहीम म्हणाला, "नाही चाचा, प्रो त्याच्याहून पातळ हाय." मग हवा कशाला म्हणायचं? गेल्या वर्षीचा वरचा आणि या वर्षीचा खालचा यांत चांगला कोणता, हे विचारलं तेव्हा मात्र त्यालाही माझ्याबरोबर एक ग्लास पाणी प्यावं लागलं.

बरं, पेन्सिलीचं वेगळंच. पेन्सिल वेगळी घ्यायची, तिच्यातही जाती, आणि या जातीची पेन्सिल त्या टॅबलेटला चालत नाही. मी म्हटलं, अरे, सोयरीक जमवायची आहे की लिहायचं आहे? तिला म्हणे चार्जिंगही लागतं. माझ्या कानावरची पेन्सिल मी आजवर कधी चार्ज केली नाही, फक्त टोक काढतो.

आता यात माझीही एक चूक झाली, ती तुझ्यापासून लपवत नाही (घरात एव्हाना सगळ्या गिऱ्हाइकांना मामीनं सांगून झालीच आहे). तू फोनवर अकरा इंच म्हणाली होतीस. शिंप्याला इंच सांगितलेत की त्याचे हात थांबत नाहीत. मी टॅबलेट यायच्या आधीच त्याची खोळ शिवून ठेवली: आत मऊ फ्लॅनेल, बाहेर मामीच्या निळ्या नऊवारीचा उरलेला काठ, लांबी अकरा, शिलाईला अर्धा इंच, वर झाकणाला बटन. ती घेऊनच खामगावला गेलो. फहीमनं दुकानातला अकरा इंची टॅबलेट तिच्यात सरकवला, तर तो आत गेला आणि गेलाच. चारी बाजूंनी कापड लोळतंय. मी टेप काढली. लांबी दहासुद्धा भरेना! मी म्हटलं, फहीम, फसवलं तुला. तो म्हणाला, "चाचा, हे माप या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत घेतात. तेबी नुसत्या काचेचं." म्हणजे उरेब, तिरपं! धम्मशीला, मी पन्नास वर्षं कात्री धरतोय. उरेब कापड ताणलं जातं, उरेब माप नेहमी मोठं येतं, हे कच्च्या शिंप्यालाही समजतं. उद्या मी गिऱ्हाइकाची उंची डाव्या पायाच्या अंगठ्यापासून उजव्या खांद्यापर्यंत घेतली आणि तेवढी पँट शिवून दिली, तर गाव मला ठेवील का? पण जगभर सगळे असंच मोजतात म्हणे, टीव्हीसुद्धा. मी घरी येऊन टीव्ही मोजला. खरं आहे. इतकी वर्षं आपण उरेब टीव्ही पाहतोय.

फहीमचं म्हणणंही ऐकून घेतलं पाहिजे. तो म्हणाला, "तुमीबी तं सगळ्याईले येक सारखं शिवत नाई, चाचा. कोणाले ढिला, कोणाले फिटिंगचा. कंपनीनं चार मापं काढले तं काय बिघडलं?" मुद्दा बिनतोड वाटला आणि बसमध्ये नांदुऱ्यापर्यंत मला झोप आली नाही. नांदुऱ्याला उत्तर सापडलं (फहीम तिथं नव्हता, म्हणून शेजारच्या प्रवाशाला सांगितलं, तो पुढच्या थांब्यावर उतरला). मी आधी माणसाला उभा करतो, त्याला विचारतो की बाबा, कशाला हवाय, लग्नाला की शेतात, मग टेप लावतो, मग कापड कापतो. ही कंपनी आधी दहा सदरे शिवून टांगते आणि मग माणसाला म्हणते, तूच शोध यातला तुझा कोणता. त्यात तयार कपड्यांच्या दुकानात निदान अंगात घालून पाहता येतं. तुझ्या मामीला काय पाहिजे? अक्षर मोठं दिसावं, हाताला जड नसावं, चुकून बोट लागलं तर पुस्तक पळून जाऊ नये. या तीन गोष्टी त्या सबंध माहितीपत्रकात कुठं लिहिलेल्या नाहीत. तिथं चिपचे नंबर आहेत. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की इतके प्रकार काढून त्यांनी साध्या माणसाला गोंधळात टाकलंय, आणि मी तीन महिने घेतले त्यात माझा काडीचा दोष नाही. शिवाय पुढच्या वर्षी नवे येणार आहेत, तोवर थांबलेलं बरं, असंही एक मत माझ्या मनात आहे.

मामी या मताची नाही. ती म्हणते, "साडी घ्याले गेलं तं दुकानात दोनशे साड्या रायतेत. येक घेऊन घरी येतेच ना मी?" बायकांना निवडीची भीती वाटत नाही, हे मी फार पूर्वीपासून पाहत आलोय.

बाकी सर्व क्षेम. कपाशीची वेचणी चालू आहे, पण मामीनं दोन वर्षं झाली शेतात जाणं सोडलंय, त्यामुळे तिचा सगळा जोर माझ्यावर असतो. तू बरी राहा. परीक्षेचे पेपर तपासताना मन मोठं ठेव, एखादा मार्क इकडंतिकडं झाला तर काही बिघडत नाही.

तुझा,
माणिकमामा

ता. क. टॅबलेट कोणताही पाठव. साधासुद्धा चालेल, खरं म्हणजे पहिल्या दिवसापासून चालला असता. फक्त एक काम कर. त्यात पुस्तक टाकशील तेव्हा पान त्र्याण्णव चुकून राहून गेलं, असं करता येईल का? मशीनच्या चुका होतातच. मामीला मी तसं समजावून सांगेन.

ता. क. दुसरा. वरचं लिहून मी चहा प्यायलो आणि मला माझीच लाज वाटली. तू ते पान स्वतः लिहून काढलंयस, तुझ्यापुढं कसली लपवाछपवी. बत्तीस वर्षांपूर्वी विहारात संध्याकाळी मोठ्या बायांचा वर्ग सुरू झाला. तुझी मामी दिवसभर कापूस वेचून यायची आणि पाटी घेऊन जायची. तीन दिवस गेली. चौथ्या दिवशी मी तिची पाटी अस्तराच्या गठ्ठ्यामागं लपवली आणि म्हणालो, कापूस वेचायला बाराखडी लागत नाही. तिनं थोडा वेळ शोधली. मला विचारलं नाही. मग चूल पेटवली आणि पुन्हा कधी गेली नाही. मला वाटलं होतं ती विसरली. तुझ्या टेपरेकॉर्डरपुढं तिनं ते सांगितलं तेव्हा मी शेजारच्या खोलीत मशीन चालवत होतो, मला ऐकू आलं नाही. पुस्तकात वाचलं. तेव्हापासून मला वाटतं, तिनं ते सांगितलं एक वेळ ठीक, पण जी अक्षरं मी तिच्यापासून तोडली त्याच अक्षरांत तिनं ते वाचू नये. मी जिवंत असेपर्यंत तरी नको. पाहा काही जमतं का. आता बटनं संपलीत, ती आणून पाकीट चिकटवतो.

ता. क. तिसरा. धम्मे, मी मामी. हे माह्या हातचं हाय. अक्षर वाकडं हाय, समजून घेजो. मामा पत्र मशीनीवर उघडं टाकून बटनं आणाले गेले. चाळीस वर्षं असेच टाकून जात होते, मले कुठं वाचता येत होतं. ते सवय त्याईची अजून गेली नाई. पान त्र्याण्णव म्या दिवाळीच्या आधीच वाचलं. बारीक होतं, चार दिवस लागले. मी सांगतलेलं मलेच माईत नसन काय? मापं घेऊन राह्यले तं घेऊ देल्ले, म्हटलं तेवढंच खामगावले हिंडणं होते. पान काढू नको बाई. खरं हाय ते, राहू दे. पण दुसऱ्या छपाईत त्याच्या खाली येक ओळ वाढव. दोन वर्षं झाले, रोज दुकान बंद केल्यावर कटिंगच्या टेबलावर काळं अस्तर हातरून खडूनं त्याईनंच मले अ आ इ लिहून देल्लं. म्या शंभर बारी चुकली, येक बारी बी बोलले नाई. हे त्याईनं तुले सांगतलं नसन, मरेपर्यंत सांगनार बी नाई, म्हून मी सांगून राह्यली. त्या पाटीच्या गोष्टीपुढं तू कंसात 'हसून' असं लिवलं. त्या दिवशी मी तुह्यापुढं हासली ते रडू येऊ नाई म्हून. ह्या ओळीपुढं बी कंसात 'हसून' असंच लिव. ह्या बारीले खरं हाय.